जूफची जीभ

होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पिवळा पट्टा ओढता ओढता वाली जूफचा हात थांबला. धक्क्याच्या वळणावर टॅक्सी उभी राहिली होती आणि तिच्यातून सार्जो बोजांग उतरत होता. खांद्याला फुटबॉल संघाची निळी पिशवी, कपाळावर खाली ओढलेली टोपी.

गांबियातल्या बाकाऊच्या किनाऱ्यावर मासळीबाजार ऐन रंगात होता. पण सार्जो दिसला आणि कोळणींचे आवाज एकेक करून बसले. जाळी सांधणाऱ्यांनी माना खाली घातल्या. चहा उकळत बसलेली टोळकी किटलीकडे टक लावून बघायला लागली, जणू तिच्यातून कोणी पाहुणाच बाहेर पडणार होता. आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूच वालीकडे वळल्या.

सार्जोही थबकला. त्याने होडीकडे पाहिलं, वालीकडे पाहिलं. वाट पाहिल्यासारखं.

वालीने ब्रश डब्यात बुडवला, तोच पट्टा पुन्हा एकदा ओढला, आणि काही बोलला नाही.

वाली जूफने बोलू नये हे नवल होतं. तो सेरेर जमातीचा आणि बोजांग जोला जमातीचे. फार पूर्वी दोघी बहिणी एका होडीतून निघाल्या, वादळात होडी मधोमध फुटली, एकीचा अर्धा तुकडा उत्तरेला लागला आणि दुसरीचा दक्षिणेला. एकीची लेकरं सेरेर, दुसरीची जोला. तेव्हापासून सेरेराने जोला दिसला की त्याला आपला गुलाम म्हणावं, भातखाऊ म्हणावं. जोलाने त्याला उलटं गुलाम म्हणावं, मासळीच्या वासावरून नाक दाबावं. ऐकणाऱ्याने राग धरायचा नाही. आणि या नात्याने कोणी काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. पूर्वजांनी घालून दिलेलं हे वळण वाली जूफने गेली कितीतरी वर्षं बोजांगांच्या दारात मनापासून पाळलं होतं. त्याच्या जिभेला हाड नाही, असं सगळं बाकाऊ म्हणायचं, आणि ते कौतुकाने म्हणायचं.

पण परवा सेनेगलमध्ये, डाकारला जे झालं, ते त्याने चहाच्या टपरीवरच्या टीव्हीवर पाहिलं होतं. आफ्रिकेच्या फुटबॉल करंडकासाठी पश्चिम विभागाची पात्रता फेरी. गांबियाविरुद्ध सेनेगल, पहिला सामना त्यांच्याकडे, दुसरा आपल्याकडे. हा करंडक आपापल्या देशात राहूनच खेळणाऱ्यांचा. सार्जोच्या वयाची निम्मी पोरं दर्या ओलांडून गेली होती. हा आईपाशी राहिला, आणि राहिलेल्यांच्या संघात डावीकडचा बचाव सांभाळायला लागला. गल्लीला त्याचा अभिमान होता. सामना शून्य-शून्यवर संपत आलेला. उंचावरून आलेला चेंडू सार्जोने डोक्याने आपल्याच गोलरक्षकाकडे परत ढकलला. गोलरक्षक पुढे आला होता. चेंडू त्याच्या बाजूने टप्पे खात खात, अगदी सावकाश, गांबियाच्याच जाळ्यात जाऊन बसला. टपरीवर कोणी ओरडलंसुद्धा नाही.

अशा पोराला काय बोलायचं? वालीला वाटलं, आजच्यापुरतं आपलं तोंड बंद ठेवणं हीच माया.

ऊन कलायला लागलं तशी सार्जोची आई न्यिमा होडीपाशी येऊन उभी राहिली. कमरेवर हात, डोक्याचं फडकं सुटायला आलेलं.

"जूफ, तुझी जीभ आजारी आहे का?"

"का गं?"

"माझा पोरगा तुझ्यासमोरून गेला, आणि तू लाकडाला रंग लावत बसलास."

"त्याचा चेहरा बघितलास का तू? मी कुठे त्याला आणखी—"

"चेहरा मीच बघतेय सकाळपासून!" न्यिमाचा आवाज चढला. "घरात रीघ लागलीय. येतात, माझा हात हातात घेतात, हळू आवाजात 'देवाची मर्जी' म्हणतात. अरे, पोरगा मेला नाही माझा. गोल झालाय चुकीच्या बाजूला. इमाम येऊन बसून गेले, आता कोणी कफन तेवढं आणायचं बाकी आहे."

वालीने ब्रश खाली ठेवला.

"फामारा गेला तेव्हा काय केलं होतंस?" ती म्हणाली.

त्याला आठवत होतं. न्यिमाच्या नवऱ्याला उचलायची वेळ झाली, आणि वाली दारात आडवा पडला होता. मालकाच्या परवानगीवाचून गुलामाला कुठे जाता येत नाही, आधी माझं भाताचं पोतं द्या, म्हणून अडून बसला होता. रडता रडता न्यिमाला असं हसू फुटलं होतं की दोघी बायकांनी तिला धरून ठेवलं. सगळ्या प्रेतयात्रेत तेवढाच एक क्षण तिला श्वास घेता आला होता.

"तेव्हा जमलं, आणि आता जमत नाही?"

"तेव्हा मी तरुण होतो."

"तेव्हाही म्हाताराच होतास. रात्री जेवायला ये. आणि हात घासून ये, वास मारतो."

ती गेली. वाली बराच वेळ होडीशी पुटपुटत बसला. एक कोटी सुचली ती फार बोचरी वाटली, दुसरी फार मऊ. 'जोलाला उत्तर-दक्षिण कळत नाही' असं काहीतरी जुळवून बघितलं, तर ते शाळेतल्या धड्यासारखं निघालं. घरी आल्यावर त्याने ते बायकोला ऐकवलं.

"असं बोललात," बायको म्हणाली, "तर तो बिचारा तुम्हालाच धीर देईल."

बोजांगांच्या अंगणात चटईवर मोठं घमेलं मांडलं होतं. भात, त्यावर शेंगदाण्याचा दाट रस्सा, मधोमध माशाचा मोठा तुकडा. सार्जो भिंतीला टेकून बसला होता. बायकोला घेऊन आलेला वाली त्याच्या शेजारी बसला, खाकरला, आणि उत्तर-दक्षिणेचं म्हणून टाकलं.

"हो, काका," सार्जो नम्रपणे म्हणाला.

त्या 'हो, काका'ने वालीचे कान तापले. न्यिमाने कपाळाला हात लावला.

जेवण सुरू झालं. प्रत्येकाने आपापल्या बाजूचा भात खायचा. मासा घरच्या बाईने तोडून ज्याच्या त्याच्यापुढे सरकवायचा. न्यिमाने सगळ्यांत चांगला तुकडा सार्जोच्या बाजूला सरकवला. सार्जोने तो बोटाने हळूच परत मधोमध लोटला. आईने पुन्हा सरकवला, त्याने पुन्हा लोटला. या खेपेला तुकडा रश्श्यावरून घसरला आणि थेट वालीच्या पुढ्यात येऊन थांबला.

वालीने तुकड्याकडे पाहिलं. मग सार्जोकडे.

"हे बघ," तो म्हणाला, "हाही आपल्याच माणसाला फसवून पलीकडे गेला."

 मग सार्जोच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. तोंडातला भात सावरत तो पुढे वाकला आणि खांदे गदगदा हलवत हसायला लागला. न्यिमा हसली, वालीची बायको हसली, कुंपणापलीकडून कान देऊन बसलेली शेजारीणही उघड उघड हसली.

"आणि तो आता माझा," म्हणून वालीने तुकडा तोंडात टाकला. "भातखाऊ कुठले! डाकारच्या लोकांनी तुला तिकडेच ठेवून घ्यायला हवं होतं. एवढा कामाचा गडी त्यांच्या संघात एकही नाही."

"ठेवत होते," सार्जो डोळे पुसत म्हणाला. "पण तुमच्या त्या सेरेर नातेवाइकांच्या घरी राहायचं म्हणजे रोज वाळलेली मासळी. म्हटलं, नको, आपली नामुष्की बरी."

"बघ, बघ, जीभ फुटली गुलामाला!"

पण हसू ओसरलं तसा सार्जो घमेल्याच्या काठाशी बोट फिरवत राहिला.

"तसाही मी शनिवारी खेळणार नाही," तो म्हणाला. "घोटा दुखावलाय. प्रशिक्षकांना सांगून आलोय."

न्यिमाचा हात हवेतच राहिला. हे तिला ठाऊक नव्हतं.

"कुठला घोटा?" वालीने विचारलं.

"हा." त्याने डावा पाय दाखवला.

 जेवण संपलं, हात धुऊन झाले, पुदिन्याचा चहा फिरला. तेव्हा वालीने सहज विचारल्यासारखं विचारलं, "फार दुखतो का रे?"

"दुखतो थोडा," असं म्हणत सार्जोने वाकून उजवा घोटा चोळला.

वालीने पेला खाली ठेवला. आता त्याच्या आवाजात थट्टा होती, पण ती जुन्या चालीवर चालणारी, ठाम थट्टा होती.

"बोजांग, ऐक. अर्धी होडी तुझी, अर्धी माझी. खरं ना?"

"खरं."

"मग मला एक पाहिजे. भात नको, बकरी नको. शनिवारी मला पुढच्या रांगेत बसून जोलाला शिव्या द्यायच्यात. तू मैदानात नसलास तर मी शिव्या कोणाला देऊ? मी मागतोय. नाही म्हणशील?"

 नकाराची सोय त्या नात्यात नव्हतीच, आणि ते त्या दोघांनाही ठाऊक होतं. सार्जो आईकडे वळला. ती फडकं नीट बांधण्यात गढून गेली होती.

"ते मला पुन्हा घेतीलच असं नाही, काका. दुसऱ्याला सांगितलं असेल."

"ते ते बघतील. तू जाऊन सांग, घोटा बरा झाला. दोन्ही घोटे."

शनिवारी बाकाऊच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ढोल दुपारपासूनच वाजत होते. न्यिमाने गांबियाच्या झेंड्याच्या रंगांचा, लाल-निळा-हिरवा झगा शिवून घेतला होता, आणि त्यात ती उभी राहिली की मागच्या तीन रांगा ओरडत. वालीची पंचाईत वेगळीच होती. ओळखीचा प्रत्येक जोला वाकून विचारून जात होता, "काय सेरेर, आज टाळ्या कोणासाठी? सेनेगलकडून तुमचीच सेरेर भावंडं खेळतायत ना?"

"मी गांबियाचा," वाली ऐटीत सांगत होता. "पण माझ्या भावंडांनी गोल केलाच, तर मला वाईट वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका."

सार्जो मैदानात आला. नाव पुकारलं गेलं तेव्हा एक अवघडलेली शांतता पसरली. ती पुरती पसरायच्या आत वाली बाकावर चढला.

"ए बोजांग! आपलं जाळं ते, ज्याच्याकडे पाठ करून उभा आहेस! विसरलास तर मला विचार!"

हशा रांगारांगांतून पेटत गेला. सार्जोने हात उंचावून वालीला मूठ दाखवली. आणि मग पहिलाच चेंडू त्याच्या पायाशी आला, तेव्हा सगळं मैदान त्याच्या नावाने ओरडलं.

तो देवासारखा खेळला असं नाही. एकदा घसरला, एकदा पिवळं कार्ड घेतलं. पण उत्तरार्धात डाव्या रेषेवरून तो जो सुटला, तो थेट कोपऱ्यापर्यंत, आणि तिथून त्याने उचललेला चेंडू गांबियाच्या उंचेल्या आघाडीवीराच्या कपाळावर जाऊन बसला. गोल! न्यिमाने कोणा अनोळखी पोलिसाला मिठी मारली. दोन सामने मिळून बरोबरी झाली, आणि गोष्ट पेनल्टीवर आली.

पेनल्टी मारणाऱ्यांत सार्जो नव्हता. तो मधल्या वर्तुळात सोबत्यांच्या खांद्यांवर हात टाकून उभा राहिला. गांबियाचे सगळे फटके जाळ्यात गेले. सेनेगलचा शेवटचा फटका मारायला एक सडपातळ पोरगा पुढे आला. पाठीवर नाव होतं फाय.

"तुमचाच," न्यिमा वालीच्या कानात ओरडली. "सेरेर!"

"नावावरून तरी तसंच दिसतंय," वाली म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याने डोळे मिटले.

चेंडू आडव्या दांड्यावर आदळल्याचा आवाज त्याने ऐकला. पुढचं काहीच ऐकू आलं नाही, कारण बाकाऊ फुटलं होतं. डोळे उघडले तेव्हा कोणीतरी त्याच्या गळ्यात पडलं होतं, कोणीतरी त्याची टोपी पळवली होती, न्यिमा बाकावर नाचत होती. खाली खेळाडूंचा ढीग झाला होता. वालीने त्या ढिगात सार्जोला शोधलं. तो नव्हता.

तो पेनल्टीच्या ठिपक्यापाशी होता. फाय तिथे गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. सेनेगलचे त्याचे सोबती लांब उभे होते, आपापल्या बुटांकडे बघत. सार्जो जाऊन त्याच्या शेजारी गवतावर बसला. खांद्यावर हात ठेवला नाही, काही नाही. नुसता बसला, आणि त्याच्या पाठीवरच्या नावाला बोट लावून काहीतरी बोलला.

फायने झटकन डोकं वर काढलं. चेहरा संतापलेला. सार्जो आणखी काहीतरी म्हणाला, हातवारे करून, नाक दाबून. फायने त्याच्या छातीवर धक्का दिला. सार्जो उताणा पडला आणि पडल्या पडल्याही बोलतच राहिला.

"अरे, हा भांडतोय का तिथे?" न्यिमा नाचायची थांबली. "संघ इकडे आहे, आणि हा त्या परक्या पोरापाशी काय करतोय?"

 वाली पुढच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होता. खाली फायने मूठभर गवत उपटून सार्जोच्या तोंडावर फेकलं, आणि मग त्याचं स्वतःचंच तोंड वाकडं झालं. डोळे अजून ओलेच होते. पण तो काहीतरी उलट बोलला, लांबलचक, बोट नाचवत. सार्जो गवतावर लोळत हसायला लागला.

"काय बोलतायत रे ते?" न्यिमाने विचारलं.

"मला काय माहीत, इतक्या लांबून!" वाली म्हणाला.  मग कठड्यावरून जमेल तेवढं पुढे वाकून, पोटातून जोर काढून तो ओरडला, "फाय! पोरा, ऐकून घेऊ नकोस त्याचं! त्याचा बाप माझं भाताचं पोतं बुडवून गेलाय!"

त्या गदारोळात ते कोणाच्याही कानी पडलं नाही. वाली मात्र ओरडतच राहिला.