मध्यम वजनाची काठी

बळवंतराव चांदोरकरांना मराठी, हिंदी, मोडी आणि कामापुरतं इंग्रजी येत असे. येत नसे ते एकच वाक्य: "मला माहीत नाही." विहिरीला पाणी कुठे लागेल, गवयाचा सूर कुठे घसरला, म्हशीनं दूध का चोरलं, काहीही विचारा, ग्वाल्हेरच्या दौलतगंजात बळवंतरावांकडे उत्तर तयार असे. उत्तर चुकलं तर विहिरीची, गवयाची किंवा म्हशीची चूक निघे. म्हातारपणी हे सगळं ते स्वतःच सांगत आणि सांगताना इतरांपेक्षा जास्त हसत. ही गोष्टही त्यांचीच आहे. त्यांच्या सांगण्यातून वजा केली आहे ती फक्त तपकीर ओढायला घेतलेली विश्रांती.

ते सरदार मानसिंगरावांच्या खासगी कचेरीत पत्रं लिहायचं काम करत. एका फाल्गुनातल्या दुपारी सरदार उन्हाळ्यात काश्मीरला जायचा बेत आखत बसले होते. साहेब लोकांनी विलायतेहून आणून तिथल्या गार ओढ्यांत ट्राउट नावाचा ठिपक्यांचा मासा सोडला होता. त्याला पिसांची खोटी माशी दाखवून फसवायचं आणि धरायचं, हा सरदारांचा नवा छंद.

"काठी कसली न्यावी, हाच प्रश्न आहे," सरदार स्वतःशीच म्हणाले.

आदल्याच दिवशी बळवंतरावांनी टेबलावरचं एक इंग्रजी मासिक माश्या मारायला उचललं होतं आणि मारता मारता त्यातलं अर्धं पान वाचलं होतं. त्यांची जीभ थांबली नाही. "मध्यम वजनाची, सरकार."

सरदारांनी वळून पाहिलं. "धरलेत कधी ट्राउट?"

ज्यांच्या घराण्यात सात पिढ्या कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य, त्या बळवंतरावांनी मान अशी काही हलवली की हो म्हटलं तर हो आणि नाही म्हटलं तर नाही.

"मग चला आमच्याबरोबर. मात्र आमच्या काठीला कुणी हात लावलेला आम्हाला खपत नाही. तुमची तुम्ही घ्या. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कोठीमागच्या तलावावर दोरी फेकून दाखवा, म्हणजे नक्की करू. आणि कुटुंबालाही घ्या. बाईसाहेबांना तिकडे मराठीत बोलायला कुणी नसतं."

शेवटचं वाक्य नसतं, तर बळवंतरावांनी दुसऱ्या दिवशी पाठीत उसण भरवून घेतली असती. पण ते वाक्य ऐकलं आणि त्यांना बायकोला दिलेला जुना शब्द आठवला. लग्न झालं त्या उन्हाळ्यात, गच्चीवर ओल्या चादरी पांघरूनही झोप येत नव्हती, तेव्हा शामलानं विचारलं होतं, "बर्फ खरोखर आकाशातून पडतो?" बळवंतरावांनी बर्फाची संपूर्ण माहिती दिली होती, बरीचशी मनची, आणि शेवटी म्हणाले होते, "दाखवीन तुला." त्यानंतर शामलानं विषय काढला नाही. मात्र गल्लीत बर्फवाला आला की ती भुशातून काढलेला एक खडा तळहातावर घेई आणि वितळेपर्यंत बघत उभी राही. बळवंतराव तेव्हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरत. दिलेला शब्द पाळला नाही याची लाज त्यांना वाटे. ती लपवायला मोठं वर्तमानपत्र लागे.

आता शब्द पाळायची संधी आली होती आणि मध्ये फक्त एक काठी होती.

शामलाला त्यांनी सांगितलं, की सरदारांच्या कचेरीचं काम काश्मीरला निघालं आहे. माशाचा उल्लेख केला नाही. ती मासा म्हणताच नाक मुरडणारी बाई. सरदारांना सांगितलं होतं की मासे धरता येतात, बायकोला सांगितलं की कचेरी आहे. दोन थापांच्या मध्ये आपण आता एकटे उभे आहोत, हे त्यांना कळत होतं, पण थाप परत घेण्याचा सराव नव्हता.

नई सडकेवर दौलतसिंहाचं दुकान होतं. बंदुका, काडतुसं, छर्रे आणि एका कोपऱ्यात मासे धरायच्या काठ्या. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत धीर गोळा करून बळवंतराव आत शिरले.

"कौन सी मछली, साहब?"

"ट्राउट," बळवंतराव अशा थाटात म्हणाले, जशी काही ती त्यांच्या आत्याच्या घरची.

"अच्छा, ट्राउट!" दौलतसिंहानं डोळे मिटून मान डोलावली. त्यानं ट्राउट जन्मात पाहिली नव्हती. ग्वाल्हेरच्या पाण्यात ती नसतेच. पण तोही बळवंतरावांच्याच पंथातला, त्यालाही ते एक वाक्य येत नसे. दोन सर्वज्ञ समोरासमोर आले आणि खरेदीला रंग चढला.

दौलतसिंहानं तीन काठ्या काढल्या. पहिली चंबळच्या महाशीर नावाच्या दांडग्या माशासाठी. ती उचलताना बळवंतरावांच्या खांद्यातून आवाज आला आणि किंमत ऐकून घशातून. दुसरी इतकी नाजूक की शिंक आली तर मोडेल, आणि नाजूकपणाचे पैसे निराळे. तिसरी मुरार छावणीतला कुणी साहेब विलायतेला परत जाताना टाकून गेला होता. बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेली, तीन तुकड्यांची, मधाच्या रंगाची. जुनी म्हणून परवडणारी.

"मध्यम वजनाची आहे का पण?" बळवंतरावांनी विचारलं.

"मीडियम? अभी तौल लेते हैं," म्हणत दौलतसिंहानं छर्रे मोजायचा तराजू पुढे ओढला.

काठी मध्यम म्हणायची ती तिच्या वजनावरून नव्हे, तिनं फेकायच्या दोरीच्या वजनावरून. पण हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसल्यानं तोलाईत अडचण आली नाही. जड काठी तोलली, नाजूक तोलली, आणि जुनी बरोबर दोहोंच्या मध्ये भरली. दौलतसिंहानं विजयी मुद्रेनं पाहिलं. मग बळवंतरावांनी तिचं टोक जमिनीला टेकवून दाबलं. काठी धनुष्यासारखी वाकली आणि सोडताच ताठ उभी राहिली. हे मात्र त्यांना मनापासून आवडलं. एवढं वाकून मोडायचं नाही, हे सरदारांच्या कचेरीत काढलेल्या वर्षांत त्यांनाही जमलं होतं.

"बस, यही," ते म्हणाले. दौलतसिंहानं खूश होऊन एका थैलीत रेशमी दोरा आणि पिसांच्या चार-पाच खोट्या माश्या फुकट घातल्या.

घरी येऊन माजघरात त्यांनी काठी जोडली आणि एकदा हवेत फिरवली. तेवढ्यात शामला आत आली. बळवंतरावांची पाचावर धारण बसली.

"अगंबाई, आणलीत?" शामलाचा चेहरा खुलला. "चार दिवसांपासून मी बोलून राहिले, की गुढीच्या वेळूला चीर गेली. मला वाटलं, तुम्ही ऐकतच नाही. आणि किती देखणी आणली!"

खरं सांगायची वेळ हीच होती, आणि ते बळवंतरावांनाही कळत होतं. पण इतक्या वर्षांत शामलानं त्यांच्या कुठल्याही खरेदीचं कौतुक केलं नव्हतं. "म्हणजे काय, लक्षात होतंच माझ्या," ते म्हणाले आणि मूग गिळून बसले. सकाळी लवकर उठून गुपचूप दुसरा वेळू आणू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी ते उठले तेव्हा न्हाणीघरात पाणी तापलं होतं आणि उन्हं भिंतीवर आली होती.

तेल लावून, न्हाऊन, पीतांबर नेसून ते बाहेर आले, तोवर पहिल्या मजल्यावरच्या सज्जात गुढी चढली होती. शामलानं काठीच्या टोकाला जरीचा खण, कडुनिंबाचा डहाळा आणि वर तांब्या बांधला होता. साखरेची गाठी अडकवायला तिला थैलीत रेशमी दोरा सापडला आणि दोऱ्याच्या टोकाशी लावायला एक सुरेख पिसांची आकडी. गळ तिनं कधी पाहिलेला नव्हता. तिला वाटलं, गुढीसाठीच आणलेली शोभेची वस्तू.

दौलतगंजातल्या सगळ्या गुढ्या आकाशाकडे बघत उभ्या होत्या. चांदोरकरांची गुढी तांब्याच्या भारानं कमरेत वाकून रस्त्याकडे बघत होती आणि वारा आला की डुलत होती. समोरच्या सज्जातले सदाशिवराव हात जोडून म्हणाले, "बळवंतराव, गुढी मुजरा करून राहिली की हो!"

"दक्षिणेत काही घराण्यांत अशीच उभारतात," बळवंतराव म्हणाले. माणूस बुडतानाही सवय सुटत नाही.

एवढ्यात घोड्यांच्या टापा वाजल्या. पाडव्याच्या दरबाराला निघालेले सरदार मानसिंगराव उघड्या बग्गीतून गल्लीत शिरले. अंगात जरीचा अंगरखा, डोक्यावर शिंदेशाही पगडी. बळवंतरावांनी वरून ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं काय ते सुचेना. बग्गी गुढीखालून गेली. साखरेची गाठी पगडीवर आपटून फुटली, आकडी पगडीच्या पेचांत रुतली, आणि घोडे चालतच राहिले. काठी वाकली, आणखी वाकली, दोरा सतारीच्या तारेसारखा ताणला गेला. मग धक्क्यानं खणाची गाठ सैल झाली, तांब्या सुटून सरदारांच्या मांडीवर पडला, आणि हलकी झालेली काठी सळकन सरळ झाली. सकाळपासून पहिल्यांदाच गुढी ताठ उभी राहिली. तिच्या टोकाशी सरदारांची पगडी लोंबत होती.

भर रस्त्यात, भर सणाला, सरदार बोडके.

बळवंतराव पगडी सोडवून जिना उतरले. उतरताना त्यांच्या डोक्यात तीन स्पष्टीकरणं तयार झाली, तिन्ही उत्तम. बग्गीपाशी पोचल्यावर त्यांनी सरदारांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, वर सज्जात दाराआड उभ्या असलेल्या शामलाच्या पदराकडे पाहिलं, आणि तिन्ही विरून गेली.

"सरकार," पगडी दोन्ही हातांवर धरून ते म्हणाले, "मला मासे धरता येत नाहीत. ट्राउट कशी असते, तेही मला माहीत नाही."

सरदारांनी पगडी घेतली, सावकाश डोक्यावर ठेवली, कपाळावर नीट बसवली.

"मासा सोडून बाकी सगळं धरता म्हणायचं," सरदार म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरल्या आणि ते हसू लागले, तसे घोडेसुद्धा सैलावले. मग त्यांची नजर वर गेली. "काठी मात्र बरोबर निवडलीत. एवढी ताणली, तरी मोडली नाही."

'मध्यम वजनाची, सरकार' हे शब्द बळवंतरावांच्या दातांपर्यंत आले. त्यांनी दात मिटून घेतले.

"आणि आकडीची गाठ कुणाची? आमच्या माणसांच्या गाठी सुटतात. दर खेपेला निम्मे मासे गळ घेऊन पळतात."

"माझी," दाराआडून शामलाचा आवाज आला. "लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो, ती."

"मग बाई, तुम्ही चला काश्मीरला. बाईसाहेबांना सोबत होईल आणि आम्हाला गाठी बांधून मिळतील."

मग उत्तर आलं, "गळ बांधीन. माशाला शिवणार नाही."

"कबूल. काठीही येईल आमच्याबरोबर." सरदार बळवंतरावांकडे वळले. "तुम्ही कचेरी सांभाळा. मासे धरता न येणाऱ्याला नेऊन काय करू?"

शामला दाराआडून पुढे आली होती. ती बळवंतरावांकडे बघत होती. त्यांनी नुसतं "पण" म्हटलं असतं तरी सगळं तिथंच संपलं असतं. नवऱ्याशिवाय बाईमाणूस एवढ्या लांब कसं जाणार, असं म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती. सदाशिवराव तर वाटच पाहत होते. बळवंतरावांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. शब्द त्यांनी दिला होता, पाळणार दुसरंच कुणी होतं, आणि ते बघायलाही ते नसणार होते. पण तिचा चेहरा तळहातावर बर्फाचा खडा असताना व्हायचा तसा झाला होता, आणि आज समोर धरायला वर्तमानपत्र नव्हतं.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "जाईल ती."

त्या उन्हाळ्यात ग्वाल्हेर तव्यासारखं तापलं. बळवंतरावांनी कचेरी सांभाळली, स्वतःच्या हातचं करपलेलं पिठलं खाल्लं आणि गल्लीत कुणी काही विचारलं तर "बघायला हवं" एवढंच म्हणू लागले. लोकांना वाटलं, ऊन लागलं.

आषाढात शामला परतली. रंग उजळला होता, बोलणं वाढलं होतं. जेवणं झाल्यावर ती गच्चीवर येऊन बसली. बळवंतराव तिच्या शेजारी बसले. बर्फाविषयी त्यांनी एकदा सगळं सांगून टाकलं होतं, त्यामुळे ती गप्पच होती. आपल्याला माहीत असलेलं पुन्हा ऐकायला त्यांना आवडत नाही, हे तिला पाठ होतं.

बळवंतरावांनी घसा खाकरला. "शामला," ते म्हणाले, "बर्फ कसा असतो गं?"

तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला काही विचारलं होतं ते हे पहिल्यांदाच. तिचे डोळे भरून आले. मग ती आणखी जवळ सरकली, त्यांचा तळहात आपल्या हातात घेतला आणि सांगायला लागली.