शब्दाखालची टिंबे

तिने हेडफोन मॅनेजरच्या टेबलावर असे आपटले की त्याच्या कपातला चहा बशीत सांडला.

"आज सहा वाजता," ती म्हणाली. "आणि मला हे भिंतीवरच्या कागदावरून कळतं."

मॅनेजरने बशीतला चहा काळजीपूर्वक पुन्हा कपात ओतला. वयाने तो तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. तारीख घातल्याशिवाय त्याचे वाक्य पुरे होत नसे, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला पाठीमागे 'कॅलेंडर' म्हणत, आणि ते त्यालाही ठाऊक होते.

"ताई, तेरा तारखेलाच मेल आली होती. करार एकतीसपर्यंतचा. सर्व्हिसवाल्यांनी तो वाढवला नाही. दर महिन्याला दहा खेळ येतात, दहा जातात. यावेळी आपला गेला."

"गेला म्हणजे? माणसं अजून खेळतायत तो."

"उद्यापासून नाही खेळणार."

बाहेर फळ्यावर तो कागद होता. भोवती फुग्यांचे चित्र, मधोमध गोल अक्षरांत लिहिलेले: 'या महिन्यात निरोप घेणारे खेळ'. यादीत सहाव्या क्रमांकावर त्यांचा नदीचा खेळ. ते 'निरोप' वाचताच तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. निरोप घेणारा स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जातो, मागे वळून पाहतो. याला मानगूट धरून बाहेर काढले जात होते आणि वर फुगे लावले होते.

नऊ वर्षांपूर्वी याच तीन खोल्यांत अकरा जणांनी तो खेळ केला होता. टीव्हीला जोडून खेळायची मशीने बनवणाऱ्या एका कंपनीने तो उचलून धरला. अट एवढीच, की दुसऱ्या कोणाच्या मशीनवर तो चालता कामा नये. 'एकाच घरी दिलेली मुलगी,' असे तेव्हा कॅलेंडर म्हणाला होता आणि दहा जण हसले होते. पुढे स्टुडिओच विकला गेला. नव्या मालकांनी खेळ त्या मशीनपासून सोडवला आणि वर्गणीच्या सर्व्हिसवर चढवला. आता तो सगळ्या घरी होता, आणि म्हणून कोणाच्याच घरी नव्हता.

त्या खेळात एक वाटसरू नदीकाठी येतो आणि एक नावाडीण त्याला पलीकडे नेते. नावाडिणीचा आवाज तिच्या आईचा होता. आईने तीस वर्षे बसस्थानकावर घोषणा केल्या होत्या. त्या आवाजात घाई नव्हती, तरी त्या आवाजावर कोणाची गाडी कधी चुकली नाही. आई जाऊन आता तीन वर्षे झाली होती.

"मला मूळ रेकॉर्डिंग दे. फक्त नावाडिणीचं."

"मूळ कुठलं आता? विक्रीत गेलं ते. कपाटं, हार्डडिस्क, अगदी तुमची ती मोडकी खुर्चीसुद्धा नेली त्यांनी. आपल्याकडे आहे ती फक्त सर्व्हिसवरची आवृत्ती."

"माझ्या आईचा आवाज आहे तो."

"होता," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे करारात तसं लिहिलंय, ताई. आवाज कंपनीचा."

टेबलाची कड तिने इतकी घट्ट धरली की तिची नखे पांढरी पडली. कॅलेंडरने तिच्या हातांकडे पाहिले, खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"आणि तुम्हाला ते एक वाक्य हवं असेल ना, तर राग मानू नका, पण ते नव्या मालकांनी काढलेलं नाही." त्याने एक कागद तिच्यापुढे सरकवला. खेळ सर्व्हिसवर नेताना केलेल्या दुरुस्त्यांच्या यादीतले मधले एक पान होते ते. "दोनशे बारावी ओळ. खोड तुमचीच आहे."

ओळीवर हिरव्या शाईची एक आडवी रेघ होती. बाजूला तिच्याच अक्षरात: 'पात्रयादीत नसलेले नाव. काढावे.' खाली तिचीच सही.

तिने पानाची घडी केली.

"ताई, ते फाइलचं—"

"लाव मग माझ्यावर तारीख," ती म्हणाली आणि दार उघडे टाकून निघून गेली.

रस्त्यावर उन्हाची धग होती. समोरच्या इमारतीवर सर्व्हिसची पाटी लखलखत होती: 'सगळे खेळ तुमचे. एकच वर्गणी.' ती भरभर चालत राहिली, जणू पाटी मागून येत होती. कागद पर्समध्ये होता आणि तरी तळहातात आहे असे वाटत होते.

रेकॉर्डिंगच्या त्या दिवशी आईची वाक्ये संपली होती. काचेपलीकडे सकाळपासून उपाशी बसलेली मुलगी दिसत होती आणि माईक चालूच होता. आई पुढे झुकून म्हणाली, "ठमे, जेवलीस का गं?" ठमी हे नाव घराबाहेर कोणाला माहीत नव्हते. रेकॉर्डिस्टने ते वाक्य गंमत म्हणून खेळात लपवले. वाटसरू नावेत न बसता, काही न करता काठावर दोन मिनिटे उभा राहिला, तरच नावाडीण ते विचारायची.

कित्येक वर्षे ते कोणाला सापडले नाही. सापडले ते आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी. मग लोकांना हसू आवरेना. आईचा प्रश्न कपांवर छापला गेला, गाण्यांत कोंबला गेला, भांडणाऱ्या राजकारण्यांच्या तोंडी घातला गेला. अनोळखी माणसे एकमेकांना 'ठमे' म्हणू लागली. ऑफिसमध्ये सफाईला येणाऱ्या बाईनेही तिला एकदा हसत विचारले, जेवलीस का गं, आणि तिने हातातला डबा भिंतीवर फेकला होता. त्याच आठवड्यात दुरुस्त्यांची चारशे ओळींची यादी तिच्यापुढे आली. दोनशे बारावर पेन क्षणभरही थांबले नाही. आईला त्या हसणाऱ्या तोंडांतून सोडवले, असे तिला वाटले होते.

बाबांना मात्र तिने हे सांगितले नव्हते.

दार ढकलले तेव्हा पावणेसहा वाजले होते. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, कानावर पेन्सिल, दोन्ही हातांत कंट्रोलर. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होते ते. कानावरची पेन्सिल निवृत्त झाली नव्हती. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकले असले तर ते आत जाऊन सांगत आणि काही विकत न घेता बाहेर येत.

पडद्यावर नदी होती. नाव काठाला लागलेली, नावाडीण वल्हे टेकवून उभी. आणि काठावर वाटसरू, हात खाली सोडून, नुसता.

दिवसभराचा राग तिथे येऊन फुटला.

"बाबा, अहो, पंधरा मिनिटं राहिली! बसा ना नावेत. ती बोलेल तेवढं तरी ऐका!"

"थांब."

"कशासाठी? खेळ बंद होतोय. कायमचा. कळतंय का तुम्हाला?"

"वाचलं मी ते. 'उपलब्ध' मधला ब पूर्ण छापलाय गाढवांनी." त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही. "ओरडू नकोस. ती विचारेल तेव्हा ऐकू नाही येणार."

ती पर्ससकट भिंतीला टेकली.

"मला नव्हे, तुलाच विचारते ती," बाबा म्हणाले. "मी नुसता ऐकायचो. जुन्या मशीनवर रोज सकाळी एकदा. पण हे नवं लावल्यापासून विचारत नाही. मला वाटलं, मी चुकीच्या जागी उभा राहतो. म्हणून कधी झाडाखाली उभा राहून पाहिलं, कधी त्या दगडावर. दोन वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू चिडतेस."

जुने मशीन आणि त्याची डिस्क तिनेच कोपऱ्यावरच्या जुन्या खेळांच्या दुकानात दिली होती. नवे मशीन आणून तिने सर्व्हिस लावली, तेव्हा बाबांनी विचारले होते, "लावलं म्हणजे? पेपर लावतो तसं?" ती हो म्हणाली होती. "बरं," ते म्हणाले होते, "पण पेपर बंद केला तरी रद्दी आपली राहते. याचं काय राहतं?" ती हसली होती. तेव्हा तिला तो विनोद वाटला होता.

तिने पर्समधून कागद काढला, उलगडला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. जे सांगायचे ते कागदावर होतेच.

बाबांनी कंट्रोलर बाजूला ठेवला. चष्मा सारखा केला आणि वाचायला लागले, पहिल्या ओळीपासून, पेन्सिलीचे टोक प्रत्येक अक्षराखालून नेत. एकशे अठ्ठ्याण्णवाव्या ओळीपाशी त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली. दोनशे पाचमधला अनुस्वार काढला. तिला किंचाळावेसे वाटले. पडद्यावर कोपऱ्यात आकडे उलटे मोजत होते.

पेन्सिल दोनशे बारापाशी आली आणि थांबली.

"हे अक्षर तुझं आहे."

"हो."

"कोणाला विचारलंस?"

"लोक हसत होते, बाबा! आईला हसत होते. घाणेरड्या तोंडांनी ठमे ठमे करत—"

"कोणाला विचारलंस?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. तो खाली उतरला होता, आणि लहानपणापासून तिला त्याचीच भीती वाटत आली होती.

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी," बाबा म्हणाले. "एकही चूक लेखकाला विचारल्याशिवाय काढली नाही. एकही. मालक अंगावर धावून यायचा, छपाई खोळंबायची, तरी नाही."

"आणि लेखक जिवंत नसला तर?"

"तर राहू द्यायची."

ती खाली बसली, तिथेच, फरशीवर. पडद्यावरून नदीचा आवाज येत होता. तो तिनेच भरला होता, पाण्याच्या टबात दोन हात घालून, आई शेजारी टॉवेल धरून उभी असताना. पाणी लयीत वल्ह्याला लागत होते. नावाडीण उभी होती. वाटसरू उभा होता. मग पाणी मध्येच तुटले.

पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरे आली. 'हा खेळ आता उपलबध नाही. दुसरा खेळ निवडा.' खाली रंगीत चौकोन सरकू लागले: गाड्या, बंदुका, हसणारी माकडे.

बाबांनी वर पाहिले नाही. खोडलेल्या ओळीखाली त्यांनी पेन्सिल टेकवली आणि एक टिंब दिले. त्याच्या शेजारी दुसरे. मग तिसरे. ती त्यांच्याच टेबलाखाली खेळत वाढली होती. या टिंबांचा अर्थ तिला मुळाक्षरांआधी ठाऊक होता. खोडलेल्या शब्दाखाली टिंबे दिली, की खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने समजायचे, खोड चुकली, शब्द होता तसा ठेवायचा. 'ठमे'पासून 'गं'पर्यंत एकही अक्षर त्यांनी सोडले नाही. शेवटी समासात बारीक सही केली आणि पान तिच्यापुढे धरले, त्याच ताठ हाताने, ज्याने ते जुळाऱ्यापुढे प्रुफे धरीत.

"घे. दुरुस्त करून आण."

"बाबा, कुठून आणू? मूळ रेकॉर्डिंग नाही. त्यांनी सगळं नेलंय. मी आज—"

"दुकान किती वाजता बंद होतं?"

तिला क्षणभर कळले नाही.

"कोपऱ्यावरचं. तू डिस्क दिलीस ते."

"आठला." तिने ओठ चावला. "पण दोन वर्षं झाली. विकली असेल. आणि ती त्याच जुन्या मशीनवर चालते, दुसऱ्या कशावर नाही."

"मग मशीनही आण. तिला तेच लागतं तर तेच लागतं. ती काय नवी हट्टी आहे?"

ती उठली. गुडघ्याला फरशीची धूळ लागली होती. तिने झटकली नाही. दारात चपलेत पाय घालताना पट्टा सापडेना. राग अजून बोटांत होता, आणि आता तो नेमका कोणाकडे पाहून करायचा हे त्यांना उमगत नव्हते.

"ऐक," आतून आवाज आला. "तिथे दुसऱ्या प्रती असतील, तुझ्या दुरुस्तीनंतर छापलेल्या. त्या गळ्यात मारेल तो, नवीन आहेत म्हणून. घेऊ नकोस. आत पुस्तिका असते ती उघड. पहिल्या छपाईत तुझ्या आईच्या नावातली वेलांटी ऱ्हस्व पडलीय. त्यावरून मी तुमच्या त्या मॅनेजरला फोन करून शिव्या घातल्या होत्या."

"आठवतंय."

"नीट बघ," बाबा म्हणाले. "शुद्ध असली तर ठेवून ये. मला चुकीचीच पाहिजे."