अर्धा उरलेला पलंग

मी एक जुना पलंग आहे. पुरता पलंगही नाही, अर्धा. माझा वरचा मजला आज कुठे आहे, कोणी त्यावर झोपते की त्याचे सरपण झाले, मला ठाऊक नाही. एके काळी मी दुमजली होतो, मित्रांनो, आणि माझ्यावर दोन मुली वाढत होत्या.

मला एका सुताराने घडवले. मला बनवायला सांगायला एक रंगारी आणि त्याची नवी बायको अशी दोघे आली होती. रंगाऱ्याची पहिली बायको आजारपणात गेली होती आणि मागे एक मुलगी ठेवून गेली होती. नवी बायको लोकांचे कपडे शिवायची. तिचाही पहिला संसार मोडला होता आणि तिच्या पदरात एक मुलगी होती. दोघांनी मिळून नवे घर मांडले, पण आतली खोली दोघी मुलींना पुरेना. दोन पलंग टाकले तर दार उघडायचे नाही आणि दार उघडले तर पलंग मावायचे नाहीत. सुताराने पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाला, जमीन काही वाढणार नाही, आपणच वर जाऊ. असा मी दुमजली झालो.

माझ्यासाठी ती खोली सजली तशी सजलेली खोली मी पुढे पाहिली नाही. रंगाऱ्याने स्वतः भिंती घासल्या, भेगांत लांबी भरली आणि थोरलीच्या, म्हणजे आपल्या मुलीच्या, आवडीचा फिकट हिरवा रंग दिला. धाकटीला आवडता रंग विचारला, तर ती आईच्या पदराआड लपली आणि आईच्या कानात 'पिवळा' म्हणाली. मग खिडकीची चौकट आणि माझा कठडा पिवळा झाला. बाईने दोन्ही गाद्यांना एकाच कापडाची खोळ शिवली, उगाच डावे-उजवे नको म्हणून. खिडकीखाली एक लांब फळी ठोकली, तेच दोघींचे अभ्यासाचे टेबल. सगळे झाल्यावर रंगारी दारात उभा राहून कितीतरी वेळ बघत होता. आता या दोघी सख्ख्यांसारख्या वाढतील, असे तो बायकोला म्हणाला.

मला जागा करायला त्याने काय हलवले होते, ते मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. तिथे थोरलीच्या आईचे कपाट होते. ते बाहेरच्या गॅलरीत गेले. थोरली हाताची घडी घालून ते बघत होती. सगळे निघून गेल्यावर तिने माझ्या पायाला एक लाथ घातली. मला काही झाले नाही, तिचाच अंगठा सुजला.

वरचा मजला तिने घेतला, कोणाला न विचारता. वर चढली की ती शिडी ओढून घ्यायची, जणू किल्ल्याचा दरवाजा लावला. धाकटी खाली गुपचूप पडून माझ्या फळ्यांकडे बघायची. थोरलीला ती कोणत्याच नावाने हाक मारीत नसे. काही हवे असले तर 'ऐक ना' म्हणायची, आणि थोरलीला ते ऐकू यायचे नाही.

एका दुपारी थोरली वर झोपली होती. तिची लांब वेणी कठड्यावरून खाली लोंबत होती. धाकटीने ती रिबिनीसकट कठड्याच्या दांडीला बांधून ठेवली, चांगल्या दोन गाठी मारून. थोरली उठायला गेली आणि तिने घर डोक्यावर घेतले. वेणी सुटताच ती हात उगारून खाली उतरली. धाकटी माझ्या कोपऱ्यात डोळे घट्ट मिटून बसली होती, मार खायला तयार. का कोण जाणे, थोरलीला हसू फुटले. ती इतकी हसली की तिला जमिनीवरच बसावे लागले. त्या दिवसापासून शिडी पुन्हा वर गेली नाही.

मग दोघींना एकदमच कांजिण्या आल्या. शाळा बंद, खेळ बंद, खोलीचे दार बंद. धाकटी खाजवून खाजवून रडायची. थोरलीच्या अंगालाही तीच आग होती, तरी ती दिवसभर माझ्या कडेवर बसून धाकटीचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवायची. "खाजवू नकोस. खड्डे पडतील, मग तुला कोण बघणार?" असे म्हणायची आणि काहीतरी अचाट गोष्ट रचून सांगायची. ताप उतरत आला तेव्हा धाकटी ग्लानीतच म्हणाली, "ताई, पुढे काय झालं?"

थोरली गोष्ट विसरली. तिने धाकटीच्या कपाळावरची खपली तेवढी फुंकर घालून गार केली.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षे. वरून पुस्तके पडायची, खालून उशा उडायच्या. चादरीचा तंबू व्हायचा. भांडणे तर रोज, पण धाकटीला गल्लीत कोणी काही बोलले की थोरली कंबर कसून बाहेर. पाहुणे आले की रंगारी त्यांना मुद्दाम आतल्या खोलीत आणायचा. पाहुणे माझा कठडा हलवून बघायचे आणि म्हणायचे, पलंग पक्का आहे हो.

पलंग पक्काच होता. संसार कच्चा निघाला. दोन्ही माणसे वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. रंगारी मनातले बोलत नसे आणि बाई मनात काही ठेवत नसे. गॅलरीतले ते कपाट त्याने कधी उघडले नाही आणि कधी हलवलेही नाही. बाईला वाटू लागले की इतकी वर्षे झाली, तरी या घरात आपण पाहुणीच. तो म्हणे, असे काही नाही. ती म्हणे, मग काय आहे ते तरी सांग. तो रंगाचा डबा उचलून कामाला जाई. आधी भांडण, मग अबोला. बाहेरच्या खोलीतला आवाज चढला की थोरली धाकटीला वर ओढून घ्यायची आणि दोघी एका पांघरुणात शिरायच्या. माझा वरचा मजला तेव्हा करकरायचा.

शेवटी एका रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत मोठी माणसे बसली. इकडून आत्या, तिकडून मामा. दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते. शिलाई मशीन बाईचे. भांडी ज्याची त्याला. मिक्सर इकडे, पंखा तिकडे. कोणी आवाज चढवला नाही, सगळे कसे समजूतदारपणे चालले होते. तेवढ्यात थोरली दारात जाऊन उभी राहिली.

"आणि आम्ही दोघी?" तिने विचारले.

आत्या म्हणाली, "तू बाबांकडे, ती आईकडे. त्यात विचारायचं काय, बाळ?"

"पण ती माझी बहीण आहे."

आत्याने मामाकडे पाहिले. मग मामा अगदी हळू, समजावणीच्या सुरात म्हणाला, "सावत्र होती गं. आता तर तीही नाही."

रंगाऱ्याने मान खाली घातली. बाईने पदर तोंडाला लावला. पण ते वाक्य कोणी परत घेतले नाही.

मग माझी पाळी आली. मधले बोल्ट काढले की माझे दोन पलंग होत होते. वरचा थोरलीचा, तो इथेच राहू दे आणि खालचा टेम्पोत चढवा, असे मामाने सांगितले. तेव्हा धाकटी हट्टाला पेटली. तिला वरचा हवा होता, ताईचा. आणि थोरली माझ्या खालच्या मजल्यावर येऊन बसली ती उठेना. मोठ्यांना वाटले, पोरींना जाता जाताही भांडायला काहीतरी हवे. त्यांनी वैतागून अदलाबदल करून दिली. अशी एकीची जागा दुसरीला मिळाली.

निघताना दोघी रडल्या नाहीत. धाकटीने विचारले, "ताई, तू येशील ना?" थोरली म्हणाली, "येईन की." तिला ते खरेच वाटत होते.

ती एकदा गेली, बाबांना न सांगता. बाईने तिला जवळ घेतले, खाऊ घातले आणि परत येऊ नकोस म्हणून विनवले. आम्ही तिथून निघालो तेव्हा धाकटी आठवडाभर जेवली नाही गं, पुन्हा तेच होईल, म्हणाली. थोरलीला ते पटले. पुढे त्यांनी घर बदलले आणि फोनही लागेनासा झाला.

वर्षे गेली. थोरली माझ्यावर पाय पोटाशी घेऊन झोपू लागली, कारण मी तिला आखूड पडत होतो. नवा पलंग घेऊ म्हटले तर नको म्हणायची. मग एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली, चप्पलही न काढता माझ्यावर बसली. रंगारी पाणी घेऊन आला. कोण भेटले ते तिने सांगितले. स्टॉपवर दोघी समोरासमोर आल्या होत्या. धाकटी आता तिच्याहून उंच झाली होती. मैत्रिणींबरोबर होती. ओळखले तिने, हसलीही.

"मग काय म्हणाली?" रंगाऱ्याने विचारले.

"म्हणाली, तुम्ही कशा आहात?" थोरली थांबली. "तुम्ही म्हणाली, बाबा."

 रंगारी पाण्याचा पेला हातातच धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी नवा पलंग घ्यायला थोरलीने हरकत घेतली नाही.

तेव्हापासून मी गच्चीवर पत्र्याखाली आहे. थोरली नोकरीसाठी दूर गेली. खालच्या खोलीला आता पांढरा रंग आहे म्हणे. माझ्यावर रंगाचे रिकामे डबे आहेत आणि माझ्या एका पायाला वाळवी लागली आहे.

मित्रांनो, उन्हापावसात पडलेल्या लाकडाची कीव करा, असे मी सांगत नाही. तुमच्या खोलीत वर किंवा खाली कोणी झोपत असेल, तर त्याला रोज हाक मारा. वाळवीचे एक आहे, ती बाहेरून दिसत नाही. पाय जागेवर असतो, रंगही जागेवर असतो, आणि एक दिवस हात लावावा तर भुसा हाती येतो. नात्याचेही तसेच होते. आणि मोठ्या माणसांनो, तुम्ही खोली सजवता, भिंतींची मापे घेता, मुलांना रंग विचारता. घर मोडतानाही त्यांना काही विचारत जा. पण गच्चीवरचे बोलणे खाली कोणाला ऐकू जाते?

परवा रंगारी वर आला होता. डबे बाजूला सारून माझ्या कडेवर टेकला. मला वाटले, काही बोलेल. त्याने खिशातून चिंधी काढली, बोटांचा रंग पुसला, नीट, एकेक बोट करून. मग उठला आणि डबे पुन्हा माझ्यावर ठेवून खाली गेला.