कॅरियरचा बोल्ट

बाहत्तरचा उन्हाळा. तिसगावच्या अलीकडे मच्छिंद्रची जीप खड्ड्यात आदळली आणि त्याने नगरहून करून आणलेला टपावरचा कॅरियर एका बाजूला कलला. बोल्ट तुटून अर्धा तुकडा भोकातच अडकला होता. जीपने बाजाराला निघालेल्या बाया पाट्या उतरवून रस्त्यात उभ्या राहिल्या. जवळ एकच गॅरेज होतं, तेही मेहुण्याचं, कानिफनाथचं. त्याच्या लग्नात जावयाला मानाचा फेटा बांधायचा राहिला, तेव्हापासून मच्छिंद्र सासरी फिरकला नव्हता. आता मुकाट जाऊन त्याला बोलावून आणावं लागलं.

कानिफनाथने तुकड्यावर रॉकेल सोडलं, छिन्नीने खाच पाडली, पेचकस लावला. तुकडा हलेना.

"दाजी, कॅरियर उचलून धरा. सगळा भार तुकड्यावरच हाय."

मच्छिंद्रने खांदा लावला. तुकडा कुरकुरला आणि हळूहळू फिरत बाहेर आला.

"एवढा कुनी आवळला हुता?"

"म्याच. पान्याला पाइप लावून."

कानिफनाथ हसला. नवा बोल्ट बसवताना मान वर न करताच म्हणाला, "दिवाळीला ताईला घेऊन या. आई लई वाट बघती."

"बघू," मच्छिंद्र म्हणाला. बाया पाट्या चढवू लागल्या. जीप सुरू करून त्याने डोकं बाहेर काढलं. "येतो म्हनून सांग आईला."