भावोजींचे गुबगुबीत टोमॅटो

बियाणं कंपनीच्या काचघराचं प्रमुखपद भावोजींना मिळालं ते निव्वळ त्यांच्या भारदस्त आवाजामुळे, असं धाकटीचं ठाम मत होतं. भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. धाकटी तिथेच प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली परागकण तपासायची आणि गेली अकरा वर्षं टोमॅटोच्या फुलांत डोकं घालून बसली होती. भावोजींची ओळख होती ती कापलेल्या, ताटातल्या टोमॅटोशी.

आल्या आल्या त्यांनी छताच्या झडपा बंद करायला लावल्या. "आत ऊब राहिली की झाडं झपाझप वाढतात," ते म्हणाले.

झाडं वाढलीही. उन्हाळा चढला, काचघरात दुपारी अडतीसच्या वर पारा जाऊ लागला, रात्रीही सव्वीसच्या खाली उतरेना. पानं हिरवीगार, फुलंही भरपूर. पण दोन दिवसांत देठ पिवळा पडायचा आणि फूल टपकन खाली. हाताने पराग लावणाऱ्या बायका वाटेवरची फुलं झाडून थकल्या.

"हात चालत नाहीत यांचे, नुसती तोंडं चालतात," भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले.

धाकटीने त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "जिवंत परागकण रंग घेतात, लाल दिसतात. बघा, किती दिसतात."

भावोजींनी बराच वेळ डोळा लावला. "काळ्या काड्या दिसतायत."

"त्या तुमच्या पापण्या आहेत, भावोजी."

मग तिनेच सांगितलं. "शंभरात चारसुद्धा धड नाहीत. कळी उमलायच्या आठ-दहा दिवस आधी पराग आत तयार होत असतो, तेव्हाच तो उष्णतेने मेला. आज झडपा उघडल्या तरी आठवडाभर पोकळ परागच मिळणार. यात बायकांचा काय दोष?"

"अगं, झाडं बघ की! कशी टवटवीत दिसतायत!"

दिसायला तर तुम्हीही हुशार दिसता, हे वाक्य तिच्या अगदी ओठावर आलं होतं. बहिणीचा विचार करून तिने ते गिळलं.

झडपा उघडल्या नाहीत. उलट भावोजींनी हॉर्मोनची बाटली आणली आणि फुलांवर फवारा मारायला लावला.

"याने फळ धरेल, पण बी नाही धरणार," धाकटीने बजावलं.

"आधी फळ तर येऊ दे! बी कुठे पळून जातंय?"

या माणसाशी बोलण्यात आणखी श्वास घालवायचा नाही, असं तिने ठरवलं. थंडीत काढलेला पराग तिच्या फ्रीजमध्ये शिल्लक होता. काचघरामागच्या दालनातही टोमॅटोची थोडी झाडं होती; तिथे भावोजी कधी फिरकत नसत, कारण तिथे खुर्ची नव्हती. पराग लावणाऱ्या बायकांतल्या सगळ्यांत जुन्या मावशींना घेऊन तिने तिथल्या झडपा उघडल्या, सावलीचं कापड ताणलं आणि फुला-फुलाला तो पराग लावून घेतला.

पुढे मोठ्या बाई, म्हणजे कंपनीच्या मुख्य, पाहणीला आल्या. भावोजींचे टोमॅटो लालबुंद, गुबगुबीत, फोटो काढावेत असे. ते स्वतःही त्याच पोझमध्ये उभे राहिले.

"कापा," बाई म्हणाल्या.

पहिला कापला. आत पोकळी आणि थोडं पाणी. दुसरा तसाच, पाचवाही तसाच. भावोजींनी आपला भारदस्त आवाज लावला. "बिनबियांचे टोमॅटो, मॅडम! लोकांना हेच तर हवं असतं!"

"आपण काय विकतो?"

"टोमॅ—" एवढ्यावर ते अडखळले.

"बी," मावशी मागून म्हणाल्या.

धाकटीने मागच्या दालनातली टोपली पुढे ठेवली. फळं लहान, वेडीवाकडी. पण कापली तर आत बी होतं. भरपूर नव्हतं, पण टणक आणि भरलेलं. बाईंनी मावशींचा हात हातात घेतला. झडून गेलेल्या फुलांचं खापर सोसलेल्या मावशींचे डोळे भरून आले. धाकटीलाही एकदम लाज वाटली. सगळ्यांसमोर भावोजी बायकांना बोलले, तेव्हा आपण नुसत्याच मनातल्या मनात दात खात उभ्या राहिलो होतो.

महिनाअखेरीस भावोजींची बदली झाली, पाहुण्यांच्या स्वागतकक्षात. बहिणीने उत्साहाने फोन केला. "बढतीच आहे गं! आता फक्त मोठ्या लोकांशी बोलायचं!"

"छान झालं," धाकटी म्हणाली. "तिथे त्यांच्या हातून काही मरणार नाही."

बहीण आठवडाभर बोलली नाही.