दोनदाच विचारलंस?

आगांना घाम फुटलाय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आम्ही टेकडीच्या माथ्यावर होतो. वारा इतका गार की मी जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली होती. सहंद डोंगरावर अजून बर्फ होतं. अशा हवेत कोणाला घाम येत नाही.

"थोडं बसू या का, आगा?"

"का? मी म्हातारा दिसतो तुला?"

पुन्हा विचारलं नाही.

आगा, पूर्ण नाव यावर आगा, म्हणजे तारलानचे वडील, आणि तारलान म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचंय. ते तबरीझहून सकाळच्या बसने आमच्या घरी आले होते. न कळवता, एकटे. मुलगा कसा आहे ते बघायला. माझी आई नेमकी बोनाबला मावशीकडे गेलेली. दार उघडलं तेव्हा माझ्या हाताला ग्रीस होतं, कारण मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, एखादी गाडी अंगणात असतेच. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "हात धुवायचे कुठे?" मला वाटलं टोमणा आहे. पण त्यांना स्वतःलाच आत जायचं होतं. आत जाऊन त्यांनी इन्शुलिनचं इंजेक्शन घेतलं आणि बाहेर येऊन बसले.

तारलानने मला मागेच सांगून ठेवलेलं. बाबांना शुगर आहे, गोड समोर आणू नकोस. म्हणून मिठाईचा डबा मी फ्रिजच्या वर ढकलला आणि बाकी सगळं मांडलं. गरम रोटी, पनीर, अक्रोड, अंडी.

"घ्या ना, आगा."

"नको, नको. मी खाऊन निघालोय."

"थोडं तरी घ्या."

"अरे खरंच पोट भरलंय. तू उगाच एवढा त्रास घेतलास."

बरं. मी आवरून टाकलं. पथ्याचा माणूस, कशाला आग्रह करायचा. आणि मला ही कवायत कधी जमलीच नाही. आमच्याकडे तिला तारुफ म्हणतात. पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने ऐकू आलंच नाही असं करायचं, पुन्हा नको, पुन्हा घ्या. माझं म्हणणं सरळ होतं. नको म्हणजे नको. तारलानला मी तसं सांगितलंही होतं, की आपल्या घरात हे नाटक चालणार नाही. ती हसून म्हणाली होती, "तबरीझमध्ये मोठ्याने बोलू नकोस."

मग तेच म्हणाले, टेकडीवरची जुनी वेधशाळा बघू. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, ख्वाजा या जुन्या ज्योतिर्विदाची वेधशाळा पोरांना फळ्यावर काढून दाखवली, पण स्वतः कधी चढलो नाही. मला आनंद झाला. टेकडीचं मला सगळं पाठ आहे. पांढऱ्या घुमटाखालची ती गोल दगडी जोती, मधून गेलेली ताऱ्यांची उंची मोजायची रेघ, सगळं मी मोबाईलवर वाचून वाचून शिकलोय. म्हटलं, इथे तरी छाप पडेल.

पडली नाही. जोत्यापाशी ते माझ्या निम्म्या वाक्यातच बाहेर निघून गेले. मी मागोमाग.

बाहेरून सगळं दिसतं. खाली आमचं मरागे शहर, बदामाच्या बागा, उत्तरेला सहंद, आणि पश्चिमेला लांब एक पांढरी पट्टी, जिथे पूर्वी तलाव होता.

"तलाव भरलाय बघ," आगा म्हणाले.

"ते मीठ आहे, आगा. पाणी आटलंय."

"मला शिकवू नकोस, जमशीद."

माझं नाव एलशन आहे.

आधी वाटलं, परीक्षा घेतायत. सासरे लोक घेतात. मग वाटलं, चिडलेत. ते चालायला लागले, पश्चिमेच्या कडेकडे. तिकडे कठडा संपतो. खाली उतार आहे, आणि उताराच्या पोटात जुन्या कोरलेल्या गुहा. तिथून घसरलं तर अडवायला काही नाही. पाय जरा फाकून चालत होते, बोटीत चालल्यासारखे.

मी त्यांची बाही धरली. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. "हात लावायचा नाही."

आणि मी सोडला. कारण मला त्या क्षणी कड्याची भीती नव्हती. मला भीती होती ती या माणसाने घरी जाऊन 'नाही' म्हणण्याची. हात लावला म्हणून. शिकवायला गेला म्हणून. आणि तारलान त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नव्हती, हे मला माहीत होतं.

त्यांनी अजून थोडं अंतर काटलं आणि त्यांचा गुडघा वाकला. कोणीतरी मागून टिचकी मारावी तसा.

मग कसला जावई नि कसलं काय. मी धावलो, मागून कमरेला मिठी मारली आणि दोघंही दगडांत बसकण मारून पडलो. माझी टाच मोकळ्या मातीत रुतली. एक दगड सुटला आणि खाली गेला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. माझ्या हाताखाली त्यांचा शर्ट ओलाचिंब. डोळे उघडे, माझ्याकडेच, पण बघत नव्हते.

तारलानला फोन लावला.

"तारलान, तुझे बाबा..."

"काय झालं? भांडलात?"

"घाम येतोय. मला जमशीद म्हणतायत."

पलीकडचा आवाजच बदलला. "इंजेक्शन घेतलं होतं?"

"सकाळी. माझ्यासमोर. म्हणजे आत जाऊन."

"मग खाल्लं काय?"

"काही नाही. म्हणाले, खाऊन निघालोय."

"पहाटे कोण खाऊन निघतं? एलशन, किती वेळा विचारलंस?"

"दोनदा."

"दोनदाच विचारलंस?"

तिसऱ्यांदा विचारलं असतं तर ते जेवले असते. इंजेक्शन टोचून, भुकेला माणूस जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानासमोर माझ्या तिसऱ्या 'घ्या'ची वाट बघत बसला होता, आणि मी रोटी गुंडाळून आत नेली होती.

"गिळता येतंय का त्यांना? बोलतायत?"

"काहीतरी पुटपुटतायत."

"मग साखर दे. आत्ता. एलशन, आत्ता."

माझ्या खिशात टेस्टर, सिगारेट आणि किल्ली. मी मान वळवून ओरडलो. घुमटाच्या आडोशाला एक कुटुंब चटई टाकून बसलं होतं. बाई आधी उठली, हातात थर्मास घेऊनच. मागे तिचा नवरा.

"साखर, ताई. शुगर उतरलीय यांची."

तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतला, पिशवीतून साखरेचे खडे काढून मुठीने त्यात टाकले, बोटानेच ढवळलं, वाऱ्यावर फुंकून दिलं. मी झाकण त्यांच्या ओठाला लावलं.

आगांनी तोंड फिरवलं.

"नको," म्हणाले. जीभ जड, पण स्पष्ट. "तुम्ही घ्या. तुमचा चहा आहे."

"आगा, प्या."

"मेहेरबानी. मी आत्ताच घेतला."

बाई म्हणाली, "या अल्ला, हे मरतायत की मान राखतायत?"

नवरा म्हणाला, "नाक धर त्यांचं." मी धरलं नाही, चहा घशात अडकला असता. पुन्हा झाकण लावलं. त्यांनी दात घट्ट मिटले. चहा हनुवटीवरून कॉलरमध्ये गेला. त्यांची मान माझ्या दंडावर जड व्हायला लागली होती, आणि फोनमध्ये तारलान "पितायत का, पितायत का" म्हणत होती.

आमच्याकडे यापुढे एकच गोष्ट उरते. बायका म्हणतात ती, ताटात चौथी पोळी वाढताना. मी आयुष्यात म्हटली नव्हती, कारण ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मेन ओलुम. मी मरेन, घे. त्यापुढे नको म्हणता येत नाही. नको म्हणणं म्हणजे, बरं, मर.

"मेन ओलुम, आगा," मी म्हणालो. आवाज माझा वाटलाच नाही. "मी मरेन. प्या. मी मरेन."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. कुठूनतरी खोलवरून आल्यासारखी.

"असं बोलू नये, पोरा," ते पुटपुटले. आणि तोंड उघडलं.

थोडा चहा आत गेला. गळा हलला. मग अजून. बाईने दुसरं झाकण केलं, मग तिसरं. मी थेंबथेंब पाजत राहिलो आणि त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो. प्रत्येक घोटाला वाटायचं, हा शेवटचा, आता हलायचा नाही. किती वेळ गेला माहीत नाही. तारलानचा फोन चालूच होता. ती आता फक्त श्वास घेत होती.

मग त्यांनी डोळे फिरवले. माझ्यावर, बाईवर, आपल्या ओल्या शर्टावर.

"ही मंडळी कोण?"

"ज्यांचा चहा तुम्ही प्यायलात ती," बाई म्हणाली आणि तिथेच मातीत बसली.

ते ओशाळले. उठायला गेले, मी दाबून बसवलं. या वेळी हातावर फटका बसला नाही. बाईच्या नवऱ्याने रोटीत पनीर गुंडाळून पुढे केलं. आगांनी तोंड उघडलं, नको म्हणायलाच, आणि माझ्याकडे पाहिलं. मग गपचूप घेऊन खाल्लं. सगळं.

"तारलानला कळलं?"

मी फोन दाखवला.

"बाबा," फोन म्हणाला, "घरी या फक्त."

त्यांनी मान खाली घातली. चावता चावता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "भूक लागली होती रे. सकाळी. अंड्याचा वास येत होता."

मी आणखी एक रोटी मागून त्यांच्या हातात ठेवली.

उतरताना मी त्यांचा दंड धरला होता. प्रत्येक वळणावर विचारत होतो, कसं वाटतंय, आगा? बरं आहे, म्हणायचे. पुढच्या वळणावर पुन्हा. बरं आहे, अगदी बरं. त्यांच्या 'बरं'वर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी थांबायचो, त्यांच्या कॉलरखाली मानेवर हात ठेवून बघायचो, घाम आहे का. ते उभे राहायचे, मान जरा वाकवून, मला नीट बघता यावं म्हणून.