करकरणारी फिरती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा एखाद्या साहेबाच्या टेबलामागे मिरवायची माझी फार हौस होती. नशिबी आली मुलांच्या मनाचे आजार पाहणाऱ्या डॉक्टरबाईंची लहानशी खोली. त्या स्वतः स्टुलावर बसत आणि मला मुलांपुढे सरकवत. बोलायचं टाळणारी मुलं माझ्यावर झुलत राहत. पुढे मी करकरू लागले. कंपाउंडर तेल घालायला आला की बाई म्हणत, "राहू दे. मुलं बोलत नाहीत ते मला ऐकू येतं त्यातून."

एकदा दहावीतली एक मुलगी वडिलांबरोबर आली. झोप उडालेली, अभ्यास बुडालेला, मोबाइल सतत उशीखाली.

"कुणा मुलाच्या नादी लागलीय," वडील म्हणाले. "नाव काही सांगत नाही."

मुलगी झुलत होती. करकर, करकर.

बाईंनी वडिलांना बाहेर बसवलं. मुलाचं नाव विचारलंच नाही.

"फोनवर काय खेळतेस?"

"पत्ते. पैसे लावून. टाइमपास हो नुसता."

"जिंकलीस की?"

"पुन्हा खेळते."

"आणि हरलीस की?"

"पुन्हा. गेलेलं परत आणायला."

"मग थांबतेस कधी?"

माझी करकर बंद पडली. मुलगी म्हणाली, "रोज ठरवते थांबायचं. जमत नाही."

"एका भेटीत शिक्का मारत नाही मी," बाई म्हणाल्या. "पण हे जुगाराचं व्यसन दिसतंय. तू वाईट नाहीस. यातून बाहेर येता येतं."

मग बाईंनी वडिलांना आत बोलावलं. मुलगा नाही हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, जुगार म्हटल्यावर ती मावळली.

भेटी सुरू झाल्या. ती सावरू लागली, आणि अचानक बाई वारल्या. खोलीला कुलूप लागलं, माझ्यावर धूळ साचली. मग एक दिवस बाईंची मुलगी आली. तीही डॉक्टर. कंपाउंडरने तेलाची बाटली पुढे केली.

"ताई, आता तरी घालतो."

तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे," म्हणाली आणि आईच्या स्टुलावर बसली.

पहिली आली ती तीच मुलगी. या वेळी एकटी, आपणहून.

"मागच्या आठवड्यात एकदा खेळले. पण त्याच दिवशी बाबांना सांगितलं."

"काय म्हणाले?"

"ओरडले. मग म्हणाले, त्यापेक्षा मुलगा परवडला असता."

दोघी हसल्या. मी एकदाही करकरले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणी असं करकरत असेल. रागावण्याआधी स्टूल ओढून जवळ बसा. आणि ते तुम्हीच असाल, तर कुणाला तरी सांगा. बसायला मी आहेच, अजून चांगली भक्कम.